पशू बरे की माणूस? – एका सुभाषितमालेचे मनन

कीर्तन-प्रवचनांतून माणसाला पशूची उपमा देण्याची रीत फार जुनी आहे. वक्त्याने आवाज चढवून ‘अरे, तू माणूस की ढोर?’ असे विचारले की मंडपात हशा पिकतो. जो तो शेजाऱ्याकडे पाहतो, स्वतःकडे कोणी पाहत नाही. कंजूष सावकाराला वाटते हे आळशी शेतकऱ्याला लावले, शेतकऱ्याला वाटते हे त्या सावकारालाच लावले. अशा रीतीने बोल वाया जातो. म्हणून ज्या सुभाषितांच्या आधाराने हे बोलले जाते, ती सुभाषिते नीट उलगडून पाहावी आणि त्यांतले आपल्या वाट्याचे काय ते घ्यावे, एवढ्याचसाठी आम्ही हा विषय हरिभक्त वाचकांपुढे मांडत आहो.

मूळ श्लोक आणि त्याला मिळालेला जबाब

भर्तृहरीचे नीतिशतक पाठशाळेत लहानपणीच मुखोद्गत करवून घेतात. वामनपंडितांनी त्याचे मराठी श्लोकांत भाषांतर केले, त्यामुळे संस्कृत न शिकलेल्या पुष्कळ घरांतही त्यातला उपदेश पोचला. त्या शतकात एक प्रसिद्ध श्लोक आहे. त्यात विद्येपासून आरंभ करून धर्मापर्यंत सात गोष्टींची गणती केली आहे, आणि यांतले काहीच ज्याच्याजवळ नाही तो माणसाचे सोंग घेऊन हिंडणारा ‘मृग’ होय, असा त्याचा आशय आहे.

संस्कृतात ‘मृग’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक सामान्य अर्थ, रानातला कोणताही पशू. दुसरा विशेष अर्थ, हरीण. भर्तृहरीने तो शब्द पहिल्या अर्थाने घेतला असावा हे उघड आहे. परंतु सुभाषितसंग्रहांतून या श्लोकाला जोडून एक मोठा गोड संवाद येतो, आणि त्या संवादाची सगळी गंमत दुसऱ्या अर्थावर उभी आहे. पाठभेदाने त्यातील साक्षीदारांची संख्या व क्रम बदलतो, पण चाल एकच. ती आम्ही आमच्या शब्दांत सांगतो.

पंडिताने निर्गुण माणसाला हरीण म्हटले, तेव्हा हरीणच पुढे येऊन उभे राहिले. ते म्हणाले, ‘महाराज, ही तुलना आम्हांला मान्य नाही. सुरावर लुब्ध होऊन आम्ही मान देतो. आमचे मांस लोकांच्या उपयोगी पडते, कातडे बटूच्या आसनाला जाते, शिंग योग्याच्या हाती जाते. तुमच्या त्या माणसाचे काय उपयोगी पडते?’ पंडित निरुत्तर झाला. म्हणाला, बरे, हरीण नको, गाय म्हणू. तो गाय पुढे आली. रानातले गवत खाऊन ती दूध देते. तिचे शेण वाया जात नाही, तिचे पुत्र नांगर ओढतात. तिनेही ती उपमा नाकारली. मग झाड म्हणावे, तर झाड छाया, फूल आणि फळ घेऊन हजर. गवत म्हणावे, तर गवत म्हणते, गाईच्या दुधाचे मूळ मी, आणि पावसाथंडीत तुमच्या डोक्यावरचे छप्परही मीच. कुत्रा म्हणावे, तर तो धन्याशी इमानी, झोप थोडी, जागरण फार. गाढव म्हणावे, तर ते ऊन पाहत नाही, थंडी पाहत नाही, ओझे वाहते आणि मिळेल त्यात समाधान मानते. सरतेशेवटी पायाखालची धूळ तरी म्हणावी, तर धूळही बोलू लागते की मुलांचे खेळणे मी आहे. अशी एकेक उपमा पुढे येते आणि एकेक परत घ्यावी लागते.

तात्पर्य कसे काढावे?

ग्रंथाचे तात्पर्य काढताना उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, जोडून पाहावे असे मीमांसक सांगतात. येथे आरंभी काय आहे? माणसाची निंदा. शेवटी काय राहते? त्या निंदेसाठी उपमानच उरत नाही. हरीण गेले, गाय गेली, धूळसुद्धा हातची गेली! एतावता ‘अमका माणूस पशू आहे’ हा या कवितेचा सिद्धांत होऊच शकत नाही, कारण कवितेने तेच वाक्य प्रत्येक पायरीवर खोडून काढले आहे.

मग निंदा कशासाठी? येथे मीमांसेतलाच आणखी एक न्याय उपयोगी पडतो, त्याला ‘नहिनिंदान्याय’ म्हणतात. शास्त्रात एखाद्या गोष्टीची निंदा येते ती त्या गोष्टीला खाली पाडण्यासाठी नसते, जी गोष्ट करायला सांगायची तिची थोरवी ठसवण्यासाठी असते. आई एका मुलाला म्हणते, ‘बघ, तो शेजारचा पोरगा सुद्धा तुझ्याहून लवकर उठतो.’ तिला शेजारच्या पोराची स्तुती करायची नसते, आपल्या मुलाचीही नालस्ती करायची नसते. तिला फक्त आपला मुलगा पहाटे उठायला हवा असतो. तसे या कवितेला हरणाची स्तुती करायची नाही, आणि माणसाची निंदा तर नाहीच नाही. तिला एक गोष्ट करायला सांगायची आहे. ती कोणती हे साक्षीदारांच्या जबाबातच आहे. हरीण, गाय, झाड, गवत, सगळ्यांनी आपली जात सांगितली नाही, कूळ सांगितले नाही. प्रत्येकाने एकच सांगितले, ‘मी हे देतो.’ म्हणून ‘देणे’ हे या कवितेचे विधेय आहे.

हा न्याय सोडला तर घोटाळा कसा होतो ते पाहा. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत, अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत कबुतरापासून कुंभारमाशीपर्यंत ११ जीव आहेत. त्यांत हरीणही आहे. पण तेथे गाण्याला भुलून प्राण गमावणारे म्हणून त्याच्यापासून सावध राहण्याचा धडा घेतला आहे. तेच हरीण, तेच गाणे; एका ठिकाणी दाता, दुसऱ्या ठिकाणी फसलेला! कोणते खरे? दोन्ही खरे. ज्या प्रकरणात जे विधेय, त्याप्रमाणे दृष्टांताचे तोंड फिरते. शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) काशीला पूर्ण झालेल्या आपल्या टीकेत नाथमहाराजांनी हे गुरू विस्ताराने उलगडले आहेत. कोणाकडून काय घ्यावे आणि काय टाकावे हा विवेक ज्याला शिकायचा आहे, त्याने ते अध्याय सावकाश वाचावेत.

पहिली शंका – अक्षर न येणाऱ्याने काय करावे?

एका सप्ताहात आम्ही हा श्लोक सांगितला. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माउली खांबाला धरून उभी राहिली. म्हणाली, ‘बुवा, मला अक्षर येत न्हाई. अंगठा उठवते. त्या श्लोकात पहिलीच विद्या घातलीया. मग मी हरणातच धरली का हो?’

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यासारख्या हजारो माउल्या वारीत चालतात, आणि शास्त्राचे एक वाक्य अर्धवट कानी पडले तर ते काट्यासारखे सलत राहते. शिवाय याच श्लोकाच्या जोरावर आजवर कितीकांना ‘तुम्ही अडाणी, तुम्ही पशू’ असे म्हणून देवळाच्या पायरीखाली उभे केले गेले. तेव्हा अन्वय नीट लावला पाहिजे.

श्लोकात ‘नाही’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याचा अर्थ दोन प्रकारांनी लागू शकतो. एक, सातांपैकी कोणतीही एक गोष्ट नसली तरी तो माणूस पशू. दुसरा, सातांपैकी एकही नसली तर तो पशू. पहिला अर्थ घेतला तर जगात माणूस उरायचा नाही, कारण सातही पूर्ण असणारा विरळा. पंडिताजवळ विद्या असेल तर दान नसेल, दात्याजवळ दान असेल तर तप नसेल. उपदेश करणारा सुद्धा त्यात सापडेल! म्हणून दुसराच अर्थ घेतला पाहिजे. सातांचाही अभाव असेल तेव्हाच तो शब्द लागू होतो. एक जरी असले तरी माणूस त्या श्लोकातून सुटला.

आम्ही त्या माउलीला विचारले, ‘आषाढात तुमच्या दारावरून दिंड्या जातात का?’ ती म्हणाली, ‘जात्यात की. रांजण भरून ठेवते. भाकरीबी होती तेवढी देते.’ ‘मग माउली, त्या यादीत विद्येनंतर दोनच पावलांवर दान आहे. तुमचे नाव तिथे लागले.’ तिच्या तोंडावर जे समाधान दिसले, ते त्या श्लोकाचे खरे भाष्य होय असे आम्ही समजतो.

दुसरी शंका – मग नरदेह श्रेष्ठ कसा?

कोणी म्हणेल, संत तर नरदेह दुर्लभ म्हणतात, आणि ही कविता गाढवाला माणसाच्या वर बसवते. हा विरोध नव्हे काय?

विरोध नाही. श्रेष्ठपणा दोन प्रकारचा असतो, एक अधिकाराचा आणि एक आचरणाचा. शास्त्राने विधी आणि निषेध सांगितले ते माणसाला. गाईला कोणी एकादशी सांगितली नाही, झाडाला कोणी सत्य बोलण्याचे व्रत दिले नाही. गाय दूध देते ती तिची प्रकृती. तिने रात्री विचार करून, लोभ आवरून सकाळी दूध दिले असे होत नाही. माणसाला मात्र प्रत्येक देण्यापूर्वी मूठ सोडावी लागते. त्या मूठ सोडण्यालाच पुरुषार्थ म्हणतात. म्हणून अधिकाराने माणूस वरच आहे.

परंतु जो माडीवर चढला तोच पडू शकतो. जमिनीवर बसलेल्याला पडण्याचे भय नाही. पशू आपल्या धर्मावरून ढळत नाही, कारण त्याला ढळण्याची मुभाच नाही. वाघ भुकेपुरते मारतो. उद्याच्या नफ्यासाठी तो हरणांचा कोठार भरीत नाही. माणूस भरतो. अधिकार मोठा आणि आचरण त्या मानाने उणे पडले, म्हणजे पशूशी तुलना करायची वेळ येते. तेव्हा ही कविता नरदेहाचा कमीपणा सांगत नाही. एवढा मोठा देह मिळून त्याचे काय केलेस, असा हिशेब ती मागते.

तिसरी शंका – हरणाने दिले, की आपण घेतले?

आता जी शंका आम्ही मांडतो ती माळ घातलेल्या माणसाला सुचलीच पाहिजे. हरीण म्हणते, ‘मी मांस देतो, कातडे देतो.’ खरोखर ते देते काय? पारध्याने फास टाकला, बाण मारला आणि घेतले. गाय दूध देते म्हणतो, पण ते पान्हवते वासरासाठी. वासरू ओढून बाजूला बांधतो आपण. गाढव ओझे वाहते, पण पाठीवर ओझे ठेवतो कोण? जे हिसकावून घेतले त्याला देणाऱ्याचे दान म्हणता येत नाही. कवीने मोठ्या खुबीने हरणाच्या तोंडी ‘देतो’ हा शब्द घातला आहे. ते बिचारे आपल्यावरचा अन्याय सुद्धा दान म्हणून सांगते, आणि आपण ऐकून मान डोलावतो!

दुसरी गोष्ट. या साऱ्या साक्षींत तोलण्याचे माप एकच आहे, उपयोग. दूध आहे म्हणून गाय बरी, ओझे वाहते म्हणून गाढव बरे. मग गाय भाकड झाली, बैलाचे खांदे उतरले, कुत्रे म्हातारे होऊन दारात पडून राहिले, तर? कवितेच्या मापाने त्यांची किंमत काय? आणि घरातल्या खाटेवर पडलेल्या वृद्ध बापाची किंमत काय? उपयोगाच्या तागडीत तोलायला लागले की ही तागडी शेवटी घरात येते. येथे कविता थांबते. सुभाषित म्हणजे नीतीचे घर. त्याच्या पुढची वाट संतांनी दाखवली.

संतांनी दिलेले उत्तर

आता साक्षीदारांतली दोन नावे आठवा, कुत्रा आणि गाढव. आणि आपल्या परंपरेतले दोन प्रसंग त्यांच्याशेजारी ठेवा.

कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेवराय काठी घेऊन धावले नाहीत, तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकरी देवाच्या घशात अडकेल ही त्यांची काळजी. ते कुत्रे घराची राखण करीत होते काय? इमानी होते काय? काही नाही. ते तर चोर होते! कवितेतल्या कुत्र्याचा एकही गुण त्याच्यापाशी सांगितलेला नाही. तरी तूप मिळाले.

नाथमहाराज काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडले होते. ते ओझे वाहण्याच्या कामाचे राहिले नव्हते. नाथांनी कावड तिथेच रिकामी केली, आणि रामेश्वर येथेच पावला असे मानले.

पैठणच्या सभेतही हेच झाले. रेड्याचे आणि आपले नाव एक असले तरी तो वेद म्हणेल काय, असे विचारणाऱ्यांना ज्ञानोबारायांनी त्या मुक्या जिवाच्या मुखातून वेद ऐकवले, अशी आपली श्रद्धा आहे. जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्या रेड्याची समाधी आहे, आणि वारकरी तेथे माथा टेकतात. गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात समदर्शी पुरुषाची दृष्टी सांगताना ब्राह्मणाबरोबर गाय, हत्ती आणि कुत्रा यांची नावे एकाच पंक्तीत आली आहेत, तीच ही दृष्टी.

वाचकहो, फरक लक्षात आला ना? कवितेत पशू देतो आणि माणूस घेतो. संतचरित्रात माणूस देतो आणि पशू घेतो. कवितेने विचारले होते, ‘तुमचा माणूस काय देतो?’ भर्तृहरीच्या पंडिताला याचे उत्तर सुचले नाही. नामदेवरायांनी तुपाच्या वाटीने आणि नाथांनी कावडीने ते दिले. उपयोग नसलेल्याला दिले, परत काही देऊ न शकणाऱ्याला दिले, आणि तो देवच आहे असे पाहून दिले. या मनन-पाठाचे सार एवढेच आहे.

आता आपण काय करावे?

ऐकून सोडून दिले तर ते ज्ञान पोथीतच राहते. म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली. हा श्लोक दुसऱ्यावर टाकू नये. कोणाला ‘पशू’ म्हणण्याचा मोह झाला तर ते साक्षीदार आठवावेत. हरीण आणि गाढव दोघेही तक्रार घेऊन उभे राहतील. तो श्लोक आरशासारखा आहे. आरसा दुसऱ्याच्या तोंडापुढे धरून आपले तोंड स्वच्छ होत नाही.

दुसरी. वारीत मुक्या जिवांचा वाटा मोठा आहे. माउलींच्या रथाला बैल आहेत. दिवे घाटाच्या चढावर जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. अंकलीहून शितोळे सरकारांचा अश्व येतो, आणि रिंगणात स्वाराविना धावणाऱ्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो. त्या कवितेतली धूळ ती हीच समजा! पण अश्वाची माती कपाळी लावणाऱ्याने आपल्या दिंडीच्या गाडीचा बैलही पाहावा. जू घासून त्याच्या खांद्याला सूज आली आहे का, सामान बेताचे भरले आहे का, मुक्कामाला पोचल्यावर आधी त्याला पाणी मिळाले का आपण आधी चहाला बसलो? श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला किंवा आषाढातल्या बेंदराला बैलाला सजवतात. कित्येक ठिकाणी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे मळून त्याला जेवणाचे आवतण देतात. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांना खांदा कोठे दुखतो हे ठाऊक होते. ते एका दिवसापुरते राहू नये. मुक्या प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून सरकारने १९६० साली कायदा केला. पण ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याला तो कायदा दाखवण्याची पाळी यावी हे शोभत नाही.

तिसरी. रोज एक तरी देणे असे असावे की ज्याची परतफेड होणार नाही. दारच्या कुत्र्याला चतकोर, उन्हाळ्यात पाखरांना वाडगाभर पाणी, भाकड गाईला पेंढी, खाटेवरच्या म्हाताऱ्याजवळ घटकाभर बसणे. यातले काहीही चालेल. धन लागत नाही, अक्षर लागत नाही. रात्री निजताना नाम घेण्याआधी एकदा मनाशी म्हणावे, आज हरणाने विचारले असते तर मी काय सांगितले असते?

ज्या दिवशी सांगायला काही असेल, त्या दिवशी त्या श्लोकातून आपली सुटका झाली. ज्या दिवशी नसेल, त्या दिवशी खंत करीत बसू नये. दुसरा दिवस पांडुरंगाने दिलेलाच आहे, आणि दारात कोणी ना कोणी भुकेले उभे असतेच.

॥ रामकृष्णहरि ॥